टेकू लावून आष्टीपर्यंत

आमच्या गावाहून आष्टीला जायचं म्हणजे वर्धा जिल्हा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उभा कापायचा. आम्ही समुद्रपूर तालुक्यातले, खालच्या टोकाचे. आष्टी वरच्या टोकाला. एसटीने गेलं तर बदलत बदलत संध्याकाळपर्यंत पोचता येतं. मी या माघात आमच्या जुन्या मोटारीने गेले आणि मला दोन दिवस लागले. ज्यांनी ती वाट पाहिलेली नाही त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. ज्यांच्या दारात जुनी मोटार उभी आहे त्यांनी तर वाचावंच, कारण निम्मा प्रवास मी डिक्कीचं झाकण सांभाळण्यात काढला.

आमची गाडी म्हणजे पूर्वी कलेक्टर-तहसीलदार फिरायचे तसली, गोल पाठीची, पांढरी. मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, ती एका साहेबाकडून जुनीच घेतली आणि पंचवीस वर्षं तिच्यातून वांगी, भेंडी आणि सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या हिंगणघाटच्या बाजारात नेल्या. डिक्की एवढी मोठी की चार पोती मावतात. झाकण जड लोखंडाचं. ते वर धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगा केव्हाच मेल्या. एकदा मालक वाकून वांग्याचं पोतं ओढत होते आणि झाकण मानेवर आलं. बारा दिवस खाटेवरून उठले नाहीत. तेव्हापासून आमच्या घरी एकच नियम, टेकू लावल्याशिवाय डिक्कीत डोकं घालायचं नाही. आम्ही मुसळ लावून पाहिलं, ते गुळगुळीत असतं, घसरतं. कडुनिंबाच्या फांदीवरून दोर टाकून झाकण बांधलं, ते पक्कं राहिलं, पण मग गाडी कायम त्याच झाडाखाली उभी करावी लागते. शेवटी फावड्याचा दांडा ठरला. तो डिक्कीतच पडलेला असायचा.

मालक जाऊन पाच वर्षं झाली. आता गाडी किसनभाऊ चालवतात. ते मालकांचे दोस्त, एसटीत ड्रायव्हर होते. माझा मुलगा वर्ध्याला नोकरीला आहे, तो दर दिवाळीला म्हणतो की गाडी भंगारात दे. मी देत नाही.

पौष संपता संपता इवायांचा फोन आला. इवाई म्हणजे व्याही, माझ्या लेकीचा, सुनंदाचा सासरा. आष्टीला त्यांची संत्र्याची बाग आहे. सुनंदाला देऊन अठरा वर्षं झाली, या माणसाने मला स्वतःहून कधी फोन केला नव्हता.

"इहीणबाई, माह्या पुतण्याचं लगन हाय. नवरदेवाले तुमच्या गाडीत मिरवाव म्हणतो. दोन दिवस पाठवसान काय?"

इवायाला नाही म्हणता येत नाही. लेक त्यांच्या घरात आहे. मी म्हटलं, पाठवतो. मग ते म्हणाले, "अन डिक्की किती रुंद हाय हो तिची? हातानं मोजली त किती भरन?"

नवरदेव काय डिक्कीत बसणार होता? मला तिथेच वास आला. गाडी गेली की परत येणार नाही, हे माझ्या मनाने घेतलं. मी म्हटलं, "गाडीसंगं मी बी येतो." मग "या ना, या ना," असं इवाई दोनदा म्हणाले. एकदा म्हणाले असते तर मी कमी घाबरले असते.

गाडी जशी नेली तशी परत आणायची, एवढं ठरवून मी निघाले.

सोमवार, वर्धा

सकाळी जामच्या चौरस्त्याला चहा घेतला. तिथून वर्ध्यापर्यंत दोन्ही बाजूंना आमच्यासारखीच काळी जमीन, वेचणी झालेला कापूस, मध्ये मध्ये गहू आणि हरभरा. पाहण्यासारखं नवीन काही नाही. किसनभाऊ गाडी एसटीसारखी चालवतात, म्हणजे प्रत्येक थांब्यावर सवयीने हळू करतात. दोन ठिकाणी माणसं चढायला पुढे आली.

वर्ध्याला स्टेशनजवळ तर्री-पोहे खाल्ले. तर्रीवर तेलच जास्त होतं, खाली चणे मोजके. आमच्याकडे कुणी पाहुण्याला असं वाढलं तर नाव ठेवतील, पण इथे लोक उभ्याने खातात आणि मिटक्या मारतात.

इंजिन जरा आवाज करत होतं म्हणून गॅरेजात दाखवलं. गॅरेजवाल्याने इंजिन सोडलं आणि गाडीभोवतीच दोन फेऱ्या मारल्या.

"आजी, विकाची हाय काय?"

"नाई."

"मंग डिक्कीची स्प्रिंग त बदलून टाका. नाई त एक साधा इलाज सांगतो." त्याने एक पाना आणला, चिमट्यासारखा, आवळला की स्वतःच धरून राहणारा. झाकण वर करून बिजागरीच्या दांडीवर तो पाना आवळला. झाकण खाली येईना, कारण दांडी पान्याला अडत होती. खरंच साधा इलाज होता. "घिऊन जा. वापस येसान तवा देजा."

ओळख ना पाळख, माणूस लोखंड हातात देतो. कशाला देतो? परत येताना गाडीसाठी गळ घालायला वाट मोकळी राहावी म्हणून. मी पाना त्याला परत दिला. किसनभाऊ मागे वळून म्हणाले, "वहिनी, तुमी त देवाच्या प्रसादाचा बी वास घेऊन पाह्यसान." मी म्हटलं, "शिळा असला त?"

मुक्काम मुलाकडे होता. गाडी रस्त्यावर उभी करावी लागली. रस्त्यावरच्या गाडीतून काय जाईल सांगता येत नाही म्हणून मी डिक्कीतलं सगळं वर नेलं. डबे, पातळाची पिशवी, फावड्याचा दांडासुद्धा. मुलगा म्हणाला, "आई, दांडा कोण चोरन व?" मी तो दाराच्या मागे उभा केला. तोच पुढे म्हणाला, "इवायानं ठेवून घेतली गाडी त बरंच होईन. आपली कटकट जाईन." हे ऐकल्यावर मला वाटलं, याचं आणि इवायाचं आधीच बोलणं झालेलं आहे.

मंगळवार, खरांगण्याच्या पुढे

सकाळी लवकर निघालो. आंजी गेलं, खरांगणा गेलं. इथून जमीन बदलते. सपाट काळी माती संपते, दगड वर येतात, रस्ता चढतो-उतरतो. डोंगराच्या अंगाला साग उभा, आणि पळस नुकता फुलायला लागला होता. आमच्याकडे धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एखादा पळस असतो, इथे माळाचा माळ लाल. चांगलं दिसतं, पण त्या जमिनीत वांगं काही येणार नाही.

एका चढावर मागचं चाक बसलं. जादा चाक डिक्कीत. किसनभाऊंनी झाकण उचललं आणि हात मागे करून म्हणाले, "वहिनी, दांडा."

दांडा मुलाच्या घरी दाराच्या मागे होता. चोरी जाऊ नये म्हणून नेला, तो तिथेच राहिला.

किसनभाऊंनी झाकण खाली सोडलं. बाजूच्या शेतात वाळलेली पऱ्हाटी, म्हणजे वेचून झालेल्या कापसाची झाडं, उभी होती. त्यांनी एक चांगली जाड उपटली, मोडून हातभर केली आणि झाकणाखाली लावली. आमच्याकडे पऱ्हाटीचं सगळं होतं. कुंपण होतं, चूल पेटते, मांडवही होतो. म्हणून आम्हाला वाटलं हेही होईल. पण वाळलेली पऱ्हाटी वाकत नाही, ती सांगितल्याशिवाय मोडते. किसनभाऊंनी चाकाला हात घातला आणि कट्‌ झालं. त्यांनी हात काढला, कसा काढला त्यांनाच ठाऊक. झाकण माझ्या डब्यावर पडलं. आत इवायांसाठी केलेल्या करंज्या होत्या. डबा ताटासारखा झाला.

"माही बोटं गेली असती," किसनभाऊ हळूच म्हणाले. एसटीत तीस वर्षं काढलेला माणूस, पण बोटं पुन्हा पुन्हा मोजत होता. मी त्यांना पाणी दिलं. दांडा माझ्यामुळे राहिला हे दोघांनाही माहीत होतं.

तेवढ्यात मागून बैलगाडी आली. चालवणारा माझ्याच वयाचा म्हातारा. बैल सोडल्यावर जू खाली टेकू नये म्हणून गाडीच्या पुढच्या अंगाला एक जाड लाकडी टेकू असतो, तो त्याच्या गाडीला लटकत होता. किसनभाऊ पुढे झाले.

"बुवा, टेकू द्याल काय जरासा?"

"काऊन?"

"झाकण धराले. चाक बदलेपर्यंत."

म्हाताऱ्याने टेकू सोडला, आणून दिला आणि झाकणाखाली लागल्यावर त्याच्याजवळच उकिडवा बसला. एक हात टेकूवर.

मी म्हटलं, "तुमी जा, बैलाले सावलीत बांधा."

"नाई. बसतो."

"आमी काय चोर दिसतो?"

"चोर दिसले असते त देल्लाच नसता. चोर दिसत नाई, म्हणून त बसलो," म्हातारा म्हणाला. "मागं एकानं असाच दोर नेला. चांगला माणूस होता दिसाले. थो दोर अजून येऊनच राह्यला."

हा माणूस मला पटला. मी त्याच्या टेकूवर लक्ष ठेवलं, त्याने आमच्यावर. चाक बदलून झाल्यावर त्याने टेकू उलटासुलटा करून पाहिला, कुठे चीर गेली का बघितलं, आणि मग रामराम केला. चेपलेल्या डब्यातल्या दोन करंज्या मी त्याला दिल्या. त्याने एक बैलाला दिली. बैलाने खाल्ली, मग त्याने दुसरी स्वतः खाल्ली.

मंगळवार संध्याकाळ, आष्टी

आर्वी ओलांडली, तळेगाव ओलांडलं की संत्र्याच्या बागा सुरू होतात. झाडं काळी हिरवी, फळं पिवळी, आणि प्रत्येक झाडाखाली बांबू. फळाच्या वजनाने फांदी मोडू नये म्हणून हे लोक फांदीफांदीला बांबूचा टेकू लावतात. एकेका झाडाला चार-पाच. लांबून वाटतं झाडं कुबड्या घेऊन उभी आहेत. आमचा कापूस, आमची वांगी, कशालाच कुणी टेकू देत नाही. मोडलं तर मोडलं.

इवायांची बाग डांबरी रस्त्याला लागून आहे. बागेच्या तोंडाशी रस्त्याच्या कडेला सुनंदा बसली होती. ती तिथे संत्री आणि बागेतल्या वाफ्यातली मेथी-पालक विकते हे मला माहीत होतं, पण पाहिलं पहिल्यांदा. चार काठ्यांवर ताडपत्री, तीही एका कोपऱ्याला सुटलेली. ट्रक गेला की ताडपत्री वर उडायची आणि सुनंदा एका हाताने ती धरायची, दुसऱ्या हाताने तराजू. पायाशी काठी ठेवलेली, माकडांसाठी. आम्हाला पाहून ती उठली, पण आधी माझ्याकडे पाहिलं नाही. आधी गाडीच्या डिक्कीकडे पाहिलं.

इवायांनी दारात पाय धुवायला पाणी दिलं. जेवायला गोळाभात, कढी आणि वांग्याची भाजी. वांगं जुनं होतं, बिया लागत होत्या. मी म्हणायच्या आत इवाईच म्हणाले, "तुमच्यासारखं वांगं आमच्याकडं भेटत नाई इहीणबाई." इतकं गोड बोलणारा माणूस काहीतरी मागणार असतो. पण ते काही मागत नव्हते. तेच मला जड जात होतं.

बुधवार

लग्न दुपारचं होतं. सकाळी मी अंगणात आले तर इवाई गाडीमागे होते. डिक्की उघडी, किसनभाऊंनी दिलेल्या कुठल्यातरी खुंट्यावर झाकण टेकवलेलं, आणि इवाई सुतळी घेऊन मोजत होते. रुंदी मोजली, गाठ मारली. तळापासून झाकणापर्यंत उंची मोजली, गाठ मारली.

"काय मोजून राह्यले?"

ते दचकले. "काई नाई. हार किती लांब लागन थे पाह्यलं."

"हार मागून लावता काय तुमच्याकडं?"

"मागून बी लावतात," इवाई म्हणाले आणि सुतळी खिशात घातली. हार समोरूनच लागला. मागे एक पान नव्हतं.

आता माझी खात्री झाली. हे लोक डिक्की कापून गाडीची माल वाहायची गाडी करणार. मी ठरवलं, गाडीतून उतरायचंच नाही. वरात निघाली तेव्हा मी पुढच्या सीटवर किसनभाऊंच्या बाजूला जाऊन बसले. नवरदेव मागे, त्याच्या मांडीवर लहान भाचा. बँडवाले थांबले, लोक नाचायला उतरले, मी बसून. सुनंदाची सासू खिडकीशी आली.

"इहीणबाई, नवरदेवापेक्षा तुमीच मिरवून राह्यल्या!"

"गाडी माही हाय, मिरवाले काय झालं?"

"मंग मुंडावळ्या बी बांधून देऊ काय?"

बायका हसल्या. नवरदेवही हसला. मी हसले नाही, पण मुंडावळ्या नको म्हणून हात केला. त्यांच्याकडे लग्नात आधी बाप्यांची पंगत बसते आणि बायका शेवटी. आमच्या गावात आता दोन्ही पंगती एकदम बसतात. शेवटच्या पंगतीला बुंदी संपली होती. माझं ताट पहिल्या पंगतीबरोबर गाडीतच आलं, म्हणून मला बुंदी मिळाली.

गुरुवार

सकाळी उठून पहिलं अंगणात गेले. गाडी नव्हती.

किसनभाऊंची खाट रिकामी होती. म्हणजे तेही सामील. मी ओरडले नाही. चपला घातल्या आणि रस्त्याच्या बाजूने चालायला लागले. मनात मुलाला फोन लावायचा की पोलिसांत जायचं, हेच चाललं होतं.

बाग आली. गाडी बागेच्या तोंडाशी, रस्त्याकडे पाठ करून उभी होती. ताडपत्री काढलेली. डिक्कीचं झाकण वर, आणि त्याच्याखाली एक नवा बांबू, फांदीला लावतात तसा, वरच्या टोकाला खाच पाडलेला. सुतळीतल्या गाठींचा हिशेब त्या बांबूत होता. डिक्कीत गोणपाटावर संत्र्याची रास, कडेला मेथी. झाकणाच्या सावलीत सुनंदा वाकून जुड्या लावत होती. तिची मान बरोबर झाकणाखाली. इवाई आणि किसनभाऊ बाजूला चहा पीत होते.

"इवाई," मी म्हटलं, "माही गाडी मले न विचारता इथं कोणं आणली?"

इवायांनी कप खाली ठेवला. किसनभाऊ आभाळाकडे पाहू लागले.

"मी आणवली," सुनंदा म्हणाली.

"तू?"

"फोन बी मीच कराले लावला मामाजीले. त्याहिचं नाव नको घेऊ. थे त नाईच म्हणत होते." सासऱ्याकडे हात करून ती सरळ उभी राहिली. "ताडपत्री टिकत नाई आई. आठ दिवसात तीन फाटल्या. सांजच्याले माल घरी नेला की सकाळी परत आणा. ठेवला त माकडं खातात. डिक्कीले कुलूप लागते. अन झाकण वर केलं की सावली बी होते. गाडी पाहून माणूस थांबते, पाह्य, सकाळपासून तीन झण फोटो काढून गेले."

"मंग मले मांगाची होती."

"तुले मांगतली असती त तू दादाले विचारलं असतं. दादा म्हणला असता, भंगार हाय, काऊन देतं. अन तू मले नाई म्हणली असती. मामाजीले नाई म्हणता येत नाई तुले."

हे खरं होतं. लेकीने मागितलं तर आम्ही आधी मुलाला विचारतो. इवायाने मागितलं तर कुणालाच विचारत नाही. अठरा वर्षं सासरी राहून तिने ते बरोबर ओळखलं होतं आणि सासऱ्याच्या तोंडून माझ्याकडून गाडी काढून घेतली होती. माझा संशय बरोबर निघाला, माणूस तेवढा चुकला. मला कुणाचा राग जास्त आला ते आजही सांगता येणार नाही.

मी म्हटलं, "बाजूले हो."

"काऊन?"

"हो म्हणतो ना."

ती बाजूला झाली. मी बांबूला आडवी चापट मारली. एकच. चालताना कुणाचा कोपर लागावा एवढी. खाच सरकली, बांबू डिक्कीत पडला आणि झाकण धाडकन संत्र्यांवर आलं. रस बंपरवरून खाली ओघळला. इवायांच्या हातातली बशी पडली.

"ही तुही मान होती," मी सुनंदाला म्हटलं. "तुह्या बापाची अशीच गेलती बारा दिवस. आता सांगा इवाई, फांदीले किती टेकू लावता?"

"चार... पाच बी लावतो."

"अन माह्या लेकीच्या डोक्यावर एक?"

इवाई उठले. त्यांनी वाद घातला नाही, हे मला आवडलं. बागेत गेले आणि आणखी बांबू तोडून आणले. मग आम्ही चौघांनी सकाळभर तेच केलं. दोन बांबू, एकेका कोपऱ्याला एक, म्हणजे मधे माल काढायला जागा मोकळी. वरच्या टोकाला नुसती खाच नाही, तर झाकणाची कड आत बसेल अशी खोल, आणि तिला सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळलं, कारण लोखंडावर लाकूड सरकतं, रबर धरून ठेवतं. खालची टोकं घसरू नयेत म्हणून डिक्कीच्या कोपऱ्यात जाड फळीचे तुकडे ठोकून घरं केली. दोन्ही बांबूंच्या मधे वरच्या बाजूला एक आडवी पट्टी घट्ट बांधली, शिडीच्या पायरीसारखी. म्हणजे एकाला धक्का लागला तरी दुसरा त्याला सोडत नाही. शेवटी प्रत्येक बांबूचं वरचं टोक दोरीने झाकणालाच बांधलं, की सरकला तरी पडायचा नाही. यात कुठेही स्प्रिंग नाही, मेकॅनिक नाही. कुणालाही करता येईल.

मी पुन्हा चापट मारली. मग किसनभाऊंना लाथ मारायला लावली. मग झाकणाच्या कडेला दोन्ही हातांनी लटकले. वजन माझं कमी नाही. झाकण हललं नाही.

"आता त ठेवसान ना गाडी?" इवाई म्हणाले.

"पाह्यतो. आज दिवसभर बसतो इथं."

आणि बसले. त्या रस्त्यावर ट्रक फार आहेत. एक ट्रक गेला की हवेचा लोंढा येतो, मेथीच्या जुड्या उडतात. प्रत्येक ट्रकला मी झाकणाकडे पाहत होते. दुपारी आठ-दहा माकडं आली. सुनंदाने झाकण जरा उचललं, दोन्ही बांबू घरांतून काढून आत घेतले आणि झाकण लावलं, माकडं गाडीच्या टपावर बसून खाली पाहत राहिली आणि निघून गेली. गिऱ्हाईक येत होतं. एक शहरातली बाई संत्री दाबून दाबून पाहत होती, एकही घेत नव्हती. मी म्हटलं, "बाई, थे संत्र हाय, डाक्तरले नाई दाखवून राह्यले त्याले." तिने घेतली. सुनंदा म्हणाली, "आई, तू उठ तिथून, माहं गिऱ्हाईक पळवशीन." पण ती हसत होती. सांज होईपर्यंत रास निम्मी झाली. झाकण सकाळी होतं तिथेच होतं.

मी गाडीची किल्ली सुनंदाच्या हातात दिली. "दादाले मी सांगतो," म्हटलं. तिने किल्ली पदराला बांधली. मग दोन वेळा गाठ तपासली. माझीच लेक आहे.

शुक्रवारी मी आणि किसनभाऊ एसटीने परत आलो. किसनभाऊंना प्रवाशाच्या सीटवर बसायची सवय नाही, आर्वीपर्यंत पायाने ब्रेक दाबत होते. मी त्यांच्याशी वर्ध्यापर्यंत बोलले नाही. सामील झाल्याची तेवढी शिक्षा पुरे.

मुलाला फोन केला. तो म्हणाला, "म्हणजे ठेवूनच घेतली ना त्याहिनं? मी म्हणलो होतो." मी म्हटलं, "मी ठेवली." सुनंदासाठी ठेवली, तेही सांगितलं. बहिणीचं ऐकून तो काही म्हणायच्या आत मी फोन ठेवला.

आता इथे सगळे विचारतात, गाडी कशी आहे, सुनंदा कशी आहे. फोनवर ती म्हणते, टेकू पक्का आहे, काळजी करू नको. फोनवर सगळेच असं म्हणतात. एक दिवस झाकण उभं राहिलं म्हणजे महिनाभर उभं राहील असं नाही. दोरी झिजते, ट्यूब वाळते, आणि माणूस सवयीने बेफिकीर होतो. पुढच्या महिन्यात मी पुन्हा आष्टीला जाणार आहे. न कळवता.